शब्द पाहावा, मग सही करावी

आपल्या घरी जो कागद येतो तो बहुधा बँकेचा, दवाखान्याचा, कोर्टाचा, कारखान्याचा किंवा मुलांच्या शाळेचा असतो. त्यातला अर्धा मजकूर इंग्रजीत असतो. उरलेला मराठीत असला तरी ती मराठी अशी की वाचता येते, पण उमगत नाही. मग तो कागद खिशात घालून आपण कोणाकडे जातो? ज्याला कळते त्याच्याकडे. पूर्वी तो गावचा पाटील होता, तलाठी होता, सावकाराचा मुनीम होता. आज तो कर्जवसुलीचा साहेब, मुकादम, दवाखान्याच्या दारातला ओळखीचा माणूस किंवा झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा असतो. तो सांगेल तो अर्थ आपण खरा धरतो आणि त्याने बोट ठेवले तिथे सही करतो, नाहीतर अंगठा उठवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, अर्थ सांगणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असे मुळीच नाही. परंतु ज्याचा आपल्या सहीत फायदा आहे, त्यालाच त्या सहीचा अर्थ विचारणे हे शहाणपणाचे नव्हे. आतापर्यंत दुसरा इलाज नव्हता हे खरे. जाड शब्दकोश विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि तो कसा पाहायचा हे शिकवणारेही कोणी नव्हते. आता मात्र बहुतेक घरांत निदान एक तरी मोबाईल आहे आणि त्या मोबाईलमध्ये शब्दकोश मावतो. गाणी, चित्रपट आणि निरोप यांसाठी आपण हे यंत्र रोज वापरतो. शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी ते किती वेळा वापरतो, याचा विचार प्रत्येक घराने करावा. या लेखात आपण बीड जिल्ह्यातील कष्टकरी कुटुंबांच्या नेहमीच्या कागदांतले काही शब्द घेऊन हीच गोष्ट पाहू.

कोश आपल्या घरापर्यंत कसा आला?

मराठीचा पहिला मोठा शब्दकोश म्हणून ज्याचे नाव घेतात तो जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. पुढे य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' केला. तो १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ फार मोलाचे. परंतु ते राहिले ग्रंथालयांच्या आणि मोठ्या शाळांच्या कपाटांत. खेड्यातल्या वस्तीवरच्या मुलाने ते उघडून पाहावेत अशी सोयच नव्हती.

हातात मावणारा विजेवरचा शब्दकोश प्रथम परदेशात आला. १९७८ च्या सुमारास अमेरिकेत 'लेक्सिकॉन' नावाचे, हिशेबाच्या कॅल्क्युलेटरएवढे यंत्र निघाले. १९७९ साली जपानच्या शार्प कंपनीने इंग्रजी-जपानी शब्दांचे यंत्र बाजारात आणले. १९८६ साली फ्रँकलिन कंपनीचे 'स्पेलिंग एस' आले. शब्द चुकीचा टिपला तरी ते बरोबर स्पेलिंग सुचवीत असे. जपानमध्ये तर असे यंत्र विद्यार्थ्यांच्या दप्तरातली नेहमीची वस्तू होऊन गेले.

आपल्या मराठी मुलांना मात्र अशा यंत्रांचा फारसा उपयोग नव्हता, कारण इंग्रजी शब्दाचा अर्थ पुन्हा इंग्रजीतच मिळायचा. देवनागरी लिपी त्या चिमुकल्या पडद्यावर बसवणे सोपे नव्हते. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे मानक ठरले आणि त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठीच्या 'युनिकोड' पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरी होती. या पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक असतो. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेला 'क' दुसऱ्या यंत्रावरही 'क' असाच दिसतो. ही व्यवस्था हळूहळू मोबाईलपर्यंत पोहोचली आणि मराठी शब्दकोश तळहातावर आला. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा आणि दाते-कर्वे यांचा असे दोन्ही कोश इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. जो ग्रंथ पाहण्यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागे, तो आज परळीच्या वीटभट्टीवर किंवा धारूरच्या डोंगरातल्या तांड्यावरही उघडतो.

दप्तराची भाषा नेहमीच परकी

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानावर फिर्याद, वकील, जामीन, तहसील असे अरबी-फारसी शब्द पडत. ते ऐकून-ऐकूनच शिकावे लागले, आणि जिथे अर्थ कळला नाही तिथे नुकसान सोसावे लागले. पुढे मराठी राज्यकारभार आला, तेव्हा दप्तराची भाषा आपली झाली असे वाटले. परंतु तीही पुस्तकी निघाली. आता बँका, खाजगी दवाखाने आणि कंपन्या यांचे कागद इंग्रजीत येतात. पिढ्या बदलल्या, भाषा बदलल्या. कागद आणि आपण यांच्यामधला सांगणारा माणूस मात्र तसाच उभा राहिला.

म्हणून शब्दकोश ही केवळ परीक्षेसाठी लागणारी वस्तू आहे, असे समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पाली भाषेचा शब्दकोश तयार केला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेत १९९८ साली जो सोळावा खंड प्रसिद्ध केला, त्यात हे पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम आहे. त्यातील एका भागात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी भाषांतही दिले आहेत. ज्या माणसावर देशाच्या आणि समाजाच्या एवढ्या मोठ्या कामांचा भार होता, त्याने एकेका शब्दापुढे अर्थ मांडण्यासाठी वेळ दिला. शब्दाचा अर्थ स्वतः पाहण्याची किंमत यावरून कळावी.

याच कोशाच्या संदर्भात एक शब्द पाहू. पंचशील आपण लहानपणापासून म्हणतो. पाचव्या शीलात 'पमाद' हा शब्द येतो. दारूचे शील म्हणून आपण ते ओळखतो, परंतु 'पमाद' म्हणजे दारू नव्हे. पमाद म्हणजे गाफीलपणा, बेसावधपणा. दारू वर्ज्य का, तर ती माणसाला बेसावध करते. हा एक शब्द कोशात पाहिला की रोज म्हटले जाणारे शील वेगळेच उजळते. आणि न वाचता सही करणे हाही एक प्रकारचा पमादच आहे, हेही ध्यानात येते.

शब्द शोधायचा कसा?

पुष्कळ मुले सांगतात, "मोबाईलवर शब्द टाकला, पण सापडला नाही." बहुतेक वेळा शब्द कोशात असतो, तो ज्या रूपात आहे त्या रूपात आपण शोधलेला नसतो. यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, शब्दाचे मूळ रूप शोधावे. कागदावर 'विहिरीतून' असे असते, कोशात 'विहीर' असते. 'जामीनदाराने' असे लिहिलेले असेल तर 'जामीनदार' पाहावे. 'गेला' हा शब्द 'जाणे' या शब्दाखाली आणि 'झाले' हा शब्द 'होणे' या शब्दाखाली मिळतो. म्हणजे शेवटचा प्रत्यय काढायचा, मधला बदल सरळ करायचा आणि मग शोधायचे. इंग्रजीतही तसेच आहे. 'वेंट' शोधायचे तर 'गो' पाहावे.

दुसरी गोष्ट, इंग्रजी शब्द कानाला ऐकू येतो तसा लिहिला जातोच असे नाही. 'नॉलेज' हा शब्द मूल 'एन' खाली शोधते, पण तो असतो 'के' खाली. 'सायकॉलॉजी' आणि 'न्यूमोनिया' हे दोन्ही शब्द 'पी' खाली मिळतात. मोबाईलमध्ये यावर चांगली सोय आहे. माईकचे चिन्ह दाबून शब्द स्पष्ट बोलला की यंत्र त्याचे स्पेलिंग स्वतः लिहून देते. ज्या आई-आजींना लिहिता येत नाही त्यांनाही हे जमते. बहुतेक ठिकाणी अर्थ मोठ्याने वाचून दाखवण्याचे चिन्हही असते.

तिसरी गोष्ट छापील कोशाची. काही कोशांत 'क्ष' आणि 'ज्ञ' हे वर्णमालेच्या शेवटी असतात, तर काहींत 'क्ष' हा 'क' खाली आणि 'ज्ञ' हा 'ज' खाली असतो. एका जागी न सापडल्यास दुसऱ्या जागी पाहावे. मोबाईलवर हा प्रश्न येत नाही. शब्द पूर्ण टिपला की पुरे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका शब्दाला एकच अर्थ नसतो. कोशात एक, दोन, तीन असे आकडे घालून अर्थ दिलेले असतात. आपण पहिला अर्थ वाचून कोश बंद करतो आणि तिथेच फसतो. 'डिस्चार्ज' हा शब्द घ्या. दवाखान्यातून घरी सोडणे हा त्याचा एक अर्थ. नोकरीवरून किंवा जबाबदारीतून मोकळे करणे हा दुसरा. अंगावरून पांढरे जाणे यासाठीही डॉक्टर हाच शब्द लिहितात. बाईच्या तपासणीच्या कागदावर 'डिस्चार्ज' लिहिलेले पाहून घरातल्याने "सोडून दिलं म्हणतात" असा अर्थ काढला तर काय होईल? म्हणून सगळे अर्थ वाचावेत, आणि कागदावरच्या वाक्यात कोणता बसतो ते ठरवावे.

कर्जाच्या कागदावरचे दोन शब्द

आपल्या वस्त्यांत बचत गट आहेत, गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत. शेजारीण येते आणि म्हणते, "ताई, मला कर्ज मिळतंय, तुम्ही फक्त साक्षीला सही करा." ताई भल्या मनाने सही करतात. कागदावर मात्र त्यांच्या नावाखाली 'गॅरंटर' असे छापलेले असते.

'विटनेस' म्हणजे साक्षीदार. सही आपल्यासमोर झाली एवढेच तो सांगतो. 'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. कर्ज घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी त्याची. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. दोन शब्दांतला हा फरक मोबाईलवर पाहायला दोन मिनिटे लागतात. न पाहिल्यास तो फेडायला वर्षे लागतात.

गटाच्या कर्जात आणखी एक जोडी येते, 'जॉइंटली अँड सेव्हरली'. 'सेव्हरल' म्हणजे पुष्कळ, असे शाळेत शिकवतात. कायद्याच्या भाषेत 'सेव्हरली' म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे. दहा बायकांनी मिळून या शब्दांखाली सह्या केल्या, तर पूर्ण रक्कम दहाजणींकडून एकत्र मागता येते, तशीच ती कोणा एकीकडूनही मागता येते. "माझा हिस्सा मी भरला, आता माझा संबंध संपला," असे तिला म्हणता येत नाही. इथे शाळेत शिकलेला अर्थ उपयोगी पडत नाही, हेही पाहून ठेवावे. अशा शब्दांसाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने 'न्यायव्यवहार कोश' आणि 'शासन व्यवहार कोश' केलेले आहेत. साध्या कोशात समाधान झाले नाही तर ते पाहावेत.

दवाखान्याचे शब्द

आता जे लिहायचे आहे ते माता-भगिनींनी विशेष लक्ष देऊन वाचावे. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली की, बीड जिल्ह्यात आधीच्या तीन वर्षांत खाजगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यांत ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न पुढे आला आणि देशभर त्याची चर्चा झाली. दिवस बुडाला की मजुरी बुडते आणि वर दंड बसतो, म्हणून पाळीचा त्रास कायमचा मिटवावा असे काहींना वाटले. काहींना कर्करोगाची भीती घालण्यात आली, अशा तक्रारीही झाल्या. या सगळ्याचे मूळ गरिबीत आणि कामाच्या पद्धतीत आहे. ते शब्दकोशाने दूर होणार नाही. पण त्यातला एक भाग शब्दांचा होता, आणि तेवढा तरी आपल्या हातात आहे.

आपल्याकडे बायका म्हणतात, "पिशवी काढली." डॉक्टरही सोपे करून म्हणतात, "पिशवीला सूज आहे, काढून टाकू." पिशवी म्हटले की ती एक फाटकी, नकोशी वस्तू वाटते. कागदावर मात्र 'हिस्टरेक्टॉमी' असे लिहिलेले असते. कोशात त्याचा अर्थ मिळतो, गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. त्याच ओळीत पुढे 'ऊफोरेक्टॉमी' असा शब्द असेल तर अंडाशयही काढणार असा त्याचा अर्थ होतो, आणि 'बायलॅटरल' म्हणजे दोन्ही बाजूंचे. तरुण वयात दोन्ही अंडाशये काढली की पाळी जाण्याचा काळ एकदम येतो, हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. 'पिशवी' या एका शब्दात हे काहीच दिसत नाही.

पुष्कळदा कागदावर पूर्ण शब्द नसतात, नुसती तीन-चार इंग्रजी अक्षरे असतात. अशी अक्षरे कोशात नीट सापडत नाहीत. तेव्हा संकोच न करता म्हणावे, "डॉक्टरसाहेब, याचा पूर्ण शब्द लिहून द्या." आपल्या शरीराच्या कागदावर काय लिहिले आहे हे विचारण्यात उद्धटपणा काहीही नाही.

आणखी काही शब्द घरातल्या वहीत उतरवून ठेवावेत. 'कन्सेंट' म्हणजे संमती. त्या कागदावर सही केली की शस्त्रक्रियेला आपण होकार दिला असा अर्थ होतो. 'बिनाइन' म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. 'मॅलिग्नंट' म्हणजे कर्करोगाची. 'ॲक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेले, तीव्र. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळचे, जुनाट. 'पॉझिटिव्ह' हा शब्द शाळेत चांगल्या अर्थाने येतो, परंतु तपासणीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' म्हणजे जे शोधत होते ते सापडले. तिथे बहुधा 'निगेटिव्ह' आलेलेच बरे.

एक इशारा मात्र देणे जरूर आहे. शब्दकोश हा डॉक्टर नव्हे. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे रोग कळला असे नाही, आणि कोश पाहून औषध घेऊ नये की बंद करू नये. कोशाचा उपयोग एवढाच की, पुढचा प्रश्न काय विचारायचा ते आपल्याला कळते. मोठी शस्त्रक्रिया सांगितली असेल आणि जिवाची घाई नसेल, तर तोच कागद घेऊन बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तेव्हा "पिशवी काढायला सांगितली" एवढेच न सांगता कागदावरचा शब्द सांगता आला, तर बोलणे नेमके होते.

भाषांतराचे यंत्र आणि शब्दकोश

आता काही तरुण वाचक म्हणतील, "शब्द कशाला शोधायचा? कागदावर कॅमेरा धरला की सगळे मराठीत दिसते." हे खरे आहे. गुगलच्या भाषांतर सेवेत २०१३ पासून मराठी आहे, कन्नडही आहे. तोडणीसाठी कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या आपल्या लोकांना एसटीची पाटी, औषधाचे दुकान, दवाखान्याचे नाव वाचायला तिची मोठी मदत होते. ती जरूर वापरावी.

परंतु भाषांतर आणि शब्दकोश यांत फरक आहे. शब्दकोश सगळे अर्थ आपल्यापुढे ठेवतो आणि निवड आपल्यावर सोपवतो. भाषांतराचे यंत्र स्वतःच एक अर्थ निवडते आणि बाकीचे अर्थ आपल्याला दिसतही नाहीत. त्याने चुकीचा निवडला तरी वाक्य गुळगुळीत दिसते, म्हणून संशय येत नाही. म्हणजे पाटलाच्या आणि मुनिमाच्या जागी आणखी एक सांगणारा आला, एवढेच. तेव्हा कागदाचा एकूण विषय समजून घ्यायला भाषांतर वापरावे. सही, पैसा, जमीन आणि शरीर यांच्याशी संबंध असलेला शब्द मात्र वेगळा काढून कोशात पाहावा. दोन्हींचा अर्थ जुळला तर ठीक; न जुळल्यास सही थांबवावी आणि जाणत्या माणसाला विचारावे.

जे शब्द कोशात नाहीत

आपल्याला लागणारा प्रत्येक शब्द कोशात असतोच असे मात्र नाही. कोश करणाऱ्यांनी ज्यांचे बोलणे ऐकले, ज्यांची पुस्तके वाचली, त्यांचे शब्द त्यात आले. कष्टकऱ्यांचे पुष्कळ शब्द बाहेर राहिले किंवा अर्धेच आले.

'कोयता' हा शब्द घ्या. कोशात त्याचा अर्थ तोडण्याचे हत्यार असा आहे. पण आपल्या बीडच्या ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, "किती कोयते?" तेव्हा तो हत्यारे मोजत नसतो, माणसे मोजत असतो. एकटा माणूस 'अर्धा कोयता' होतो. दोन माणसे एका हत्याराच्या नावाने मोजली जातात आणि उचलही जोडीच्या नावाने दिली जाते. मग त्यातली बाईची मजुरी किती, हे वेगळे कुठे दिसणार? हा अर्थ कोशात नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला तो प्रश्नच दिसत नाही.

तसाच 'उचल' हा शब्द. साध्या अर्थाने उचलणे, घेणे. ऊसतोडीत मात्र हंगामाच्या आधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढे सहा महिने तोडणी करून फेडायची असते. 'खाडा' म्हणजे कामावर न जाणे. पण टोळीत 'खाडा' म्हणजे त्या दिवसाचा कापला जाणारा पैसाही. ऊस बांधलेली ती 'मोळी', शेंड्याचा हिरवा पाला ते 'वाढे', वाळलेला पाला ते 'पाचट'. हे शब्द आपल्या घरातल्या माणसांना तोंडपाठ आहेत. त्यांचे अर्थ कोणाला विचारायचे झाले तर शिकलेल्यांनाच आपल्या आई-वडिलांकडे यावे लागेल.

म्हणून मुलांनी एक काम करावे. वहीच्या एका बाजूला कागदावरचे, पुस्तकातले नवे शब्द कोशात पाहून लिहावेत. दुसऱ्या बाजूला आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे कामाचे शब्द त्यांना विचारून, अर्थासह लिहावेत. पहिल्या बाजूला मूल आईला शिकवील, दुसऱ्या बाजूला आई मुलाला शिकवील. शिकलेल्या मुलाला अडाणी आई-बापांची लाज वाटण्याचा जो रोग पुष्कळ घरांत शिरतो, त्यावर हे चांगले औषध आहे.

घरात एवढे करावे

शेवटी घरात रोज पाळता येतील अशा काही गोष्टी सांगतो.

मोबाईलमध्ये एक इंग्रजी-मराठी शब्दकोश असा उतरवून ठेवावा जो इंटरनेट नसतानाही चालतो. फडावर, कोपीवर रेंज नसते. आणि कागद तर कुठेही पुढे येतो. असा कोश मोफत मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले, किंवा कोशाने आपले संपर्क, संदेश आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितली तर ती देऊ नये. अर्थ सांगण्यासाठी कोशाला यातले काहीच लागत नाही.

घरातला मोबाईल बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. संध्याकाळी अर्धा तास तो मुलांच्या आणि घरातल्या बाईच्या हाती असावा. कर्जाच्या कागदावर सही तिची, शस्त्रक्रियेच्या टेबलावर शरीर तिचे. मग शब्द पाहण्याचे यंत्र तिच्या हाती नको का?

रोज फार नाही, दोनच शब्द पाहावेत. महिन्याला साठ होतात. जो शब्द ज्या कागदात आला त्या कागदाचे नाव वहीत शेजारी लिहावे, म्हणजे अर्थ लक्षात राहतो. शब्द विचारणाऱ्याला हसू नये, मग ती सत्तर वर्षांची आजी असो की पहिलीतले मूल. हसण्याच्या भीतीनेच आपल्या कितीतरी माणसांनी न विचारता अंगठे उठवले आहेत.

आणि कोणी पुढे कागद सरकवून "लवकर करा, साहेब निघालेत" असे म्हटले, तर एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे: "थांबा, एक शब्द पाहायचा आहे." खरा व्यवहार पाच मिनिटांनी बिघडत नाही. त्या पाच मिनिटांसाठी जो रागावतो, त्याच्या कागदावर तर सही करण्याची मुळीच घाई करू नये.